बाटली, बिडी आणि बताका

दिवाळीच्या आधी रत्नागिरी-चिपळूणपासून सांगली-मिरजेपर्यंत अनेक घरांत फराळाचा एक डबा वेगळा भरला जातो. ओळखीचा कोणीतरी सुटी संपवून आखातात परत निघालेला असतो, त्याच्या सामानात तो डबा जातो. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू यांची अडचण नसते. अडचण अनारशांची असते. अनारशावर खसखस थापलेली असते, आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातला दाणा. अमिरातीत खसखस सोबत नेणे हा अमली पदार्थ नेण्याचा गुन्हा धरला जातो. तिकडच्या कोणत्याही विमानतळावर ही जोखीम कोणी घेऊ नये, कुवेतच्या तर नाहीच. म्हणून आखाती घरांतल्या जाणत्या आया एक तर अनारसे पाठवतच नाहीत, किंवा खसखशीऐवजी तीळ लावून पाठवतात.

ज्या घरांना खसखशीबद्दल इतके नेमके ठाऊक असते, त्याच घरातला मुलगा कुवेतला निघताना दारू आणि सिगारेटच्या नियमांबद्दल मात्र फारसे ऐकून निघत नाही. ते बोलणे घरात होत नाही. वडील मुलाशी बोलत नाहीत, एजंट तर बोलतच नाही. 'तिकडे दारू नसते' एवढ्या एका वाक्यावर सगळे थांबते. या वाक्यात जे राहून जाते त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये माणसे मेली आणि काहींचे डोळे गेले. ते सगळे सविस्तर सांगावे म्हणून हा लेख.

कुवेत शहरातून समुद्र डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला निघाले की फिंतास, महबूला, अबू हलीफा अशी गावे एकमेकांना चिकटून येतात आणि फहाहीलच्या अलीकडे मंगफ लागते. शहरापासून अंतर साधारण पस्तीस किलोमीटर. आतल्या बाजूला अहमदी, म्हणजे कुवेत ऑइल कंपनीचे गाव. दक्षिणेला मीना अल-अहमदीचा तेलशुद्धी कारखाना आणि निर्यातीचे बंदर. १९४६ च्या जूनमध्ये कुवेतचे पहिले तेल याच किनाऱ्यावरून जहाजात भरले गेले. तेल आले तशी माणसे लागली, आणि माणसे मुंबईहून येणे साहजिक होते, कारण कुवेतचा मुंबईशी व्यवहार तेलाच्या कितीतरी आधीचा. कुवेती गलबते खजूर घेऊन मुंबई आणि मलबारला यायची आणि सागवान, मसाले, कापड घेऊन परतायची. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात भारताने काढलेला रुपयाच चालत होता. तेल कंपनीच्या सुरुवातीच्या कारकुनांत आणि कारागिरांत गोव्याची माणसे होती, कोकणी मुसलमान होते. आज कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत आणि मंगफ-फहाहील हा त्यांच्या दाट वस्तीचा पट्टा आहे.

या पट्ट्यात दोन मंगफ शेजारी-शेजारी नांदतात. एक कुटुंबांचे: इंजिनिअर, नर्स, हिशेबनीस, त्यांची मुले, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांच्या बस, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांची निमंत्रणे. दुसरे कामगारांचे. बायकामुले गावी असलेल्या पुरुषाला इथे 'बॅचलर' म्हणतात, मग त्याला तीन मुले असली तरी. हे बॅचलर कंपनीच्या इमारतीत किंवा भाड्याच्या खोलीत बेडस्पेस घेऊन राहतात. खाली कोपऱ्यावर बकाला म्हणजे किराणा दुकान, तिथे खुबूस, दही, फोनचे रिचार्ज आणि सिगारेट. शुक्रवार सुटीचा. दिवसभर खोलीत झोप, कपडे धुणे, गावी व्हिडिओ कॉल. संध्याकाळी समुद्रावर किंवा फहाहीलच्या बाजारात एक चक्कर. नियम दोन्ही मंगफांना सारखेच आहेत. त्यांचा भार मात्र सारखा पडत नाही.

दारूचा नियम आधी. १९६४ मध्ये कुवेतने मद्याच्या आयातीवर बंदी घातली. त्याआधी परदेशी, मुस्लिमेतर लोकांना परवान्यावर दारू मिळण्याची सोय होती, ती संपली. ऐंशीच्या दशकात पिणे हाही दंडनीय गुन्हा झाला. आज स्थिती अशी: दारू विकत मिळत नाही, पंचतारांकित हॉटेलात नाही, विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमध्ये नाही. कुवेत एअरवेजच्या विमानातही दिली जात नाही. बनवणे, बाळगणे, आणणे, विकणे, पिणे हे सगळे गुन्हे. परदेशी माणसासाठी या गुन्ह्यांच्या शेवटी तुरुंगाइतकीच मोठी शिक्षा उभी असते, ती हद्दपारीची. हद्दपारीच्या वेळी बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे नवा पासपोर्ट काढून नव्या नावाने परत येण्याचे जुने मार्ग बंद झाले आहेत. गाडी चालवताना प्यायलेला सापडला तर एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात कैद आणि हजार दिनारांपासून पुढे दंड आहे.

शेजारचे देश पाहिले की प्रवासी गोंधळतात, आणि हा गोंधळ खरा आहे. दुबईत एकविसाव्या वर्षानंतर हॉटेलात बसून उघडपणे पिता येते. पण तिथून अर्ध्या तासावरच्या शारजात पूर्ण बंदी. बहारीनमध्ये दारू मिळते. कतारमध्ये परवाना असलेल्या हॉटेलांत मिळते, पण २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या दोन दिवस आधी मैदानांजवळची बिअर त्यांनी बंद केली आणि जगभरचे चाहते पाहत राहिले. सौदी अरेबियाने २०२४ च्या जानेवारीत रियाधच्या राजनैतिक वसाहतीत मुस्लिमेतर राजनैतिक अधिकाऱ्यांपुरते एक दुकान उघडले. दुबईत तीन वर्षे काढून कुवेतला बदली झालेला माणूस 'आखात म्हणजे आखात' असे धरून चालतो, आणि तिथे चुकतो. कुवेतमध्ये परवान्याची खिडकीच नाही.

युरोपला निघालेल्या मराठी प्रवाशालाही हा नियम अचानक गाठू शकतो. मुंबईहून लंडन, पॅरिस, फ्रँकफुर्टला जायला कुवेतमार्गे तिकीट पुष्कळदा स्वस्त पडते. जाताना काही प्रश्न येत नाही. येताना पॅरिसच्या विमानतळावर घेतलेली वाइनची बाटली पिशवीत असते, कारण भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येते हे त्याला माहीत असते. मध्ये कुवेत आहे हे तो विसरतो. जोडविमान चुकले, कंपनीने हॉटेलात पाठवायचे ठरवले आणि प्रवासी सामानासह कुवेतच्या सीमाशुल्क तपासणीत उभा राहिला, तर ती बाटली कुवेतमध्ये आणलेली दारूच ठरते. कुठे विकत घेतली याने फरक पडत नाही. कुवेतमार्गे परतायचे असेल तर युरोपातून बाटली आणू नये, इतके साधे आहे हे.

आणि युरोप म्हणजे मोकळे रान अशी जी समजूत आपल्याकडे आहे, तीही तितकीशी खरी नाही. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर मिळते, पण स्वीडनमध्ये कडक दारू आणि वाइन सरकारी दुकानातूनच घ्यावी लागते आणि तिथे वयाची अट विसाची आहे. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचा अंशही चालत नाही. सिगारेटच्या बाबतीत तर युरोप दर वर्षी कडक होतो आहे. मिलान शहरात १ जानेवारी २०२५ पासून उघड्यावरही दुसऱ्या माणसापासून दहा मीटर अंतर नसेल तर ओढता येत नाही. फ्रान्सने २९ जून २०२५ पासून समुद्रकिनारे, बागा, बसथांबे आणि शाळांच्या आसपास धूम्रपान बंद केले. दंड १३५ युरो. सहलीला गेलेल्या माणसाला हा दंड लागला तर त्याची एक दुपार कडू होते. मंगफमध्ये बेडस्पेसवर राहणाऱ्या माणसाला दंड लागला तर काय होते, हे पाहायला थोडे आकडे मांडावे लागतील.

कुवेतचा पर्यावरण कायदा २०१४ चा, क्रमांक ४२. त्याच्या छप्पन्नाव्या कलमाने बंदिस्त आणि अर्धबंदिस्त सार्वजनिक जागी, सार्वजनिक वाहनात धूम्रपानाला मनाई केली. त्याआधी १९९५ चा तंबाखूविरोधी कायदा होताच. ओढणाऱ्याला दंड पन्नास ते शंभर दिनार. कुवेतमध्ये खासगी क्षेत्रातल्या कामगाराचे किमान वेतन महिन्याला पंचाहत्तर दिनार आहे. म्हणजे मॉलच्या दारात, पार्किंगच्या छताखाली ओढलेली एक सिगारेट महिन्याच्या पगारापेक्षा महाग पडू शकते. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड दोनशे रुपये, तोही क्वचितच कोणी घेतो. गावात एसटी स्टँडच्या कठड्यावर बसून बिडी पेटवायची सवय असलेल्या माणसाला हे शंभर दिनार कोणीतरी निघण्याआधी रुपयांत करून सांगायला हवेत. आजच्या भावाने ते पंचवीस हजारांच्या पुढे जातात.

त्यात रमजान. १९६८ चा कायदा क्रमांक ४४ सांगतो की रमजानच्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उघड्यावर खाणे, पिणे किंवा ओढणे हा गुन्हा आहे. शंभर दिनारांपर्यंत दंड, महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा नियम मुस्लिमेतरांनाही लागू आहे, प्रवाशांनाही लागू आहे. उघड्यावर म्हणजे रस्त्यावर, बसथांब्यावर, उभ्या गाडीतसुद्धा. पाण्याची बाटली तोंडाला लावणेही यात येते. रमजान फेब्रुवारीत आला तर हवा थंड असते. उन्हाळ्यात रमजान येतो तेव्हा पन्नास अंशांच्या आसपासच्या उन्हात हा नियम पाळणे बाहेर काम करणाऱ्याला किती कठीण जाते, याची कल्पना इथे बसून येत नाही. तरीही मंगफमध्ये वर्षे काढलेल्या हिंदू, ख्रिस्ती माणसांच्या हा महिना अंगवळणी पडलेला असतो. इफ्तारची वेळ झाली की मशिदींजवळ जेवणाची पाकिटे वाटली जातात आणि रांगेत कोणाला धर्म विचारला जात नाही.

तंबाखू खाणाऱ्यांची गोष्ट निराळी. कुवेतमध्ये सिगारेट कायदेशीर आहे, शीशा म्हणजे हुक्काही कायदेशीर आहे. फहाहीलच्या समुद्रालगत शीशाच्या कॅफेंत रात्री उशिरापर्यंत माणसे बसलेली असतात. पण गुटखा, खर्रा, मळलेला तंबाखू यांची पुडी सामानात बांधून नेणे धोक्याचे. तंबाखूजन्य पान आणि खाण्याचा तंबाखू पकडल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून जाणाऱ्या माणसाला हा सर्वांत मोठा बदल असतो. दारू त्याने कदाचित घेतलीच नसेल, तंबाखू मात्र तो शाळेत असल्यापासून खात आला आहे. औषधांचेही तसेच. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे सहज घरात असतात. तिकडे त्यांच्यावर अमली पदार्थांचे नियम लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक मंजुरी नसेल तर त्या नेऊच नयेत.

आता ऑगस्टकडे येतो.

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५ पासून कुवेतच्या सरकारी रुग्णालयांत एकसारखी लक्षणे असलेली माणसे येऊ लागली. फरवानिया आणि अदान ही नावे बातम्यांत आली. अदान हे मंगफ-फहाहील पट्ट्यातल्या लोकांचे नेहमीचे सरकारी रुग्णालय. चार-पाच दिवसांत आरोग्य मंत्रालयाने त्रेसष्ट रुग्ण आणि तेरा मृत्यू जाहीर केले. त्यानंतर लगेचच आकडा एकशे साठ रुग्ण आणि तेवीस मृत्यू असा झाला. एकावन्न जणांना तातडीने डायलिसिस लागले, एकतीस जणांना कृत्रिम श्वासोच्छ्वास, एकवीस जणांची दृष्टी गेली किंवा अधू झाली. बहुतेक सगळे आशियाई. भारतीय दूतावासाने सुमारे चाळीस भारतीय रुग्णालयात असल्याचे सांगितले. पोलिसांनी सदुसष्ट जणांना पकडले. निवासी आणि औद्योगिक भागांत चालू असलेले सहा अड्डे बंद केले आणि सुरू व्हायच्या बेतात असलेले आणखी चार सापडले. कारण एकच होते: बाटल्यांत मिथेनॉल होते.

मिथेनॉलबद्दल जे ठाऊक असायला हवे ते आपल्याकडे डॉक्टर सोडले तर फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ते इथे नीट सांगतो. साखर किंवा फळांचा रस आंबवला तर त्यातून इथेनॉल तयार होते, म्हणजे नेहमीची दारू. मिथेनॉल त्यात अगदी किंचित असते. माणसे मारणारे मिथेनॉल बहुधा कारखान्यातून येते: थिनर, रंग, रसायने यांसाठी वापरले जाणारे स्वस्त द्रव. नफ्यासाठी कोणीतरी ते मिसळतो. रंग पाण्यासारखा, वास आणि चव दारूच्या इतकी जवळची की ओळखता येत नाही. 'पेटवून बघावी, निळी ज्योत आली की चांगली' ही समजूत साफ खोटी आहे. मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळते.

पोटात गेल्यावर ते लगेच मारत नाही, आणि घात इथेच होतो. यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. या कामाला वेळ लागतो. बारा तास, कधी चोवीस तास माणूस साधा प्यायलेल्यासारखा दिसतो, झोपतो, उठतो. सोबत खरी दारूही प्यायली असेल तर लक्षणे आणखी उशिरा येतात. मग पोटात कळ, उलट्या, डोकेदुखी, श्वास जोरजोरात चालणे, आणि डोळ्यांपुढे धुके. फॉर्मिक आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. तीस मिलिलिटर, म्हणजे एक लहान पेगसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकतो. त्याहून कमीत दृष्टी जाऊ शकते. उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत: फोमेपिझॉल नावाचे औषध, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून शुद्ध इथेनॉल, कारण ते यकृताला आधी स्वतःकडे वळवते आणि मिथेनॉलचे विष होणे थांबते, आणि डायलिसिस. पण हे सगळे वेळेवर व्हावे लागते.

आता मंगफच्या खोलीत हे घडताना कसे असेल ते डोळ्यांपुढे आणा. गुरुवारची रात्र, उद्या सुटी. सहा जणांची खोली, त्यातला एक जण कुठूनतरी आणलेले पिऊन झोपलेला. शुक्रवारी दुपारी तो उलट्या करू लागतो. खोलीतल्यांना वाटते, जास्त झाली, झोपला की उतरेल. संध्याकाळी म्हणतो, नीट दिसत नाही. या क्षणी रुग्णालयात न्यायला हवे हे कोणालातरी कळते, आणि त्याच क्षणी खोलीत दुसरा विचार शिरतो: तिथे काय सांगायचे? बताका दाखवावा लागेल. कुवेतमध्ये परदेशी माणसाचे सगळे जगणे त्या नागरी ओळखपत्रावर लिहिलेले असते: नाव, क्रमांक, कंपनी. दारू प्यायली म्हणजे गुन्हा. गुन्हा म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, गेला, नोकरी गेली, एजंटला दिलेल्या पैशांसाठी गावात काढलेले कर्ज मात्र तसेच. आणि खोलीतल्या बाकीच्यांचे काय, बाटली आणणारा कोण, हे प्रश्न पुढे येतील. म्हणून थोडे थांबू या, सकाळपर्यंत पाहू या.

ही भीती वेडगळ नाही. तिला कायद्याचाच आधार आहे. म्हणून तिला 'घाबरू नका' असे सांगून भागत नाही. सांगायचे ते हे: हद्दपार झालेला माणूस विमानतळावर उतरतो, कर्ज फेडायला वर्षे लागतात, पण तो उतरतो. सकाळपर्यंत थांबलेला माणूस शवपेटीत किंवा दुसऱ्याचा हात धरून घरी येतो. मिथेनॉल प्यायलेल्याच्या हाती फारच थोडे तास असतात, आणि ते तास खोलीतल्या इतर माणसांच्या हाती असतात. डॉक्टरला 'दारू प्यायला आहे, केव्हा प्यायला, डोळ्यांना धुके आहे' ही तीन वाक्ये स्पष्ट सांगितली तर पुढचे उपचार तासाभरात योग्य दिशेने लागतात. 'काहीतरी खाण्यात आले' असे सांगितले तर तो तास वाया जातो.

आणि कुवेतकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ८० हून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर मेली. तिथेही मिथेनॉलच होते, आणि मेलेली माणसे बहुतेक मजूर, रिक्षावाले, हातावर पोट असलेली. त्या खटल्यात दोषी ठरायला २०२४ साल उजाडले. मालवणीत दारूबंदी नव्हती. रस्त्यापलीकडे परवान्याची दुकाने होती. माणसे तिथे गेली नाहीत कारण ती महाग होती. कुवेतमध्ये माणसे गेली ती दुसरे काहीच नव्हते म्हणून. दोन्हीकडे मेले ते ज्यांच्याकडे सर्वांत कमी पैसे होते ते.

खरे तर बंदीचा कायदा मराठी माणसाला परका नाही. आपला मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, मोरारजी देसाईंच्या आग्रहाचा, आणि तो आजही लागू आहे. साठच्या दशकात तो सैल झाला, परवाने आले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ परवाना हवा; पंचवीस वर्षांखालच्याला कडक दारू देता येत नाही. हे किती जणांना ठाऊक असते? बारमध्ये जाऊन कोणी परवाना मागत नाही, म्हणून कायदा कागदावरचा असतो असे आपण लहानपणापासून शिकत आलो. वर्ध्यात आणि गडचिरोलीत जिल्हाबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीची बंदी १९९३ ची, गावागावांतल्या बायकांनी आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारख्या लोकांनी मागून घेतलेली. त्या बायकांच्या मागणीत नवऱ्याचा मार आणि उपाशी मुले होती, आणि ती मागणी मला आजही न्याय्य वाटते. मी बंदीच्या विरोधात इथे लिहीत नाही. कुवेतच्या माणसांना त्यांच्या देशात काय प्यावे हे ठरवण्याचा हक्क आहे, आणि पाहुण्याने तो पाळायचा असतो. माझे म्हणणे इतकेच आहे की आपण ज्या मातीत कायदा वाकवायला शिकलो, तिथून माणूस उचलून जिथे कायदा वाकत नाही तिथे पाठवतो, आणि मधल्या प्रवासात त्याला काहीच सांगत नाही.

मंगफचे नाव भारतात घरोघर पोचले ते १२ जून २०२४ ला. पहाटे कामगारांच्या एका सहामजली इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांतले पंचेचाळीस मृतदेह हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणले गेले. सर्वांत जास्त केरळचे होते, महाराष्ट्रातलाही एक होता. तपासात तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीतले शॉर्टसर्किट हे कारण सांगितले गेले, सिगारेट नव्हे. पण खोल्या पाडायला वापरलेले ज्वालाग्राही सामान आणि गच्चीचे बंद दार यांबद्दल तेव्हा जे बाहेर आले, ते धूम्रपानाच्या प्रश्नालाही लागू आहे. ज्या इमारतीत दोनशे माणसे राहतात, त्यातली बरीच ओढतात, आणि दारात, बंदिस्त जागी ओढायला दंड आहे, तिथे माणूस कुठे जातो? जिन्यात. बाथरूममध्ये. पलंगावर, चार्जरच्या शेजारी. मालकाने गच्ची उघडी ठेवून वाळूची बादली ठेवली तर दंडही वाचतो आणि इमारतही. हा खर्च दहा दिनारांचासुद्धा नाही.

पंतप्रधान डिसेंबर २०२४ मध्ये कुवेतला गेले तेव्हा मीना अब्दुल्लाच्या कामगार वसाहतीत जाऊन आले. त्रेचाळीस वर्षांत भारताचा पंतप्रधान कुवेतला पहिल्यांदाच जात होता. अशा भेटींनी दाराआडचे प्रश्न दिसू लागतात, हे खरे. पण दारूचा प्रश्न त्या वसाहतीत कोणी पाहुण्यापुढे मांडणार नाही. तो गावातच, निघण्याआधी बोलायचा प्रश्न आहे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. दहावी न झालेल्या कामगाराला कुवेतसह अठरा देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते, आणि परराष्ट्र मंत्रालयाचे निघण्यापूर्वीचे एका दिवसाचे प्रशिक्षणही आहे. त्या दिवसात करार, पगार, पासपोर्ट, दूतावास यांबद्दल सांगतात. त्यातला अर्धा तास दारू, तंबाखू आणि औषधांना द्यावा, आणि तो मराठीत, त्या भागातून परत आलेल्या माणसाने द्यावा. कुवेतमध्ये वीस वर्षे काढून लांज्यात, मिरजेत, म्हापशात परत आलेली माणसे कमी नाहीत. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था गणेशोत्सव, दिवाळी फार मनापासून करतात. त्यांच्या एखाद्या शुक्रवारी मंगफच्या कामगार इमारतींत जाऊन मिथेनॉलची लक्षणे सांगणारे एक पान मराठीत, हिंदीत, तेलुगूत लावता येईल. पानावर फार लिहू नये. दारू विकत मिळते असे कोणी सांगितले तर ती विषारी असू शकते. प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी किंवा डोळ्यांपुढे धुके आले तर झोपू देऊ नका, ११२ ला फोन करा, डॉक्टरला खरे सांगा. आणि ज्याने आणली, जो प्यायला, ज्याने पाहिले, त्यांच्यातला जो कोणी जागा असेल त्याने हे करावे.